‘हा आमचा माणूसच नाही’

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय 36. मूळ गाव लातूर जिल्ह्यात, सध्या भोसरीत भाड्याच्या खोलीत पत्नी आणि दोन मुलांसह राहतात. जून 2019 पासून एका लहान मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर होते. तिथं पंचवीसेक माणसं, दोन शिफ्ट. नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी यातलं काहीच कधी मिळालं नाही. पगार शेवटी 16,000 होता. आधी व्हाउचरवर सही घेऊन रोख मिळायचा, 2021 नंतर कधी रोख तर कधी मालकांच्या भावाच्या फोनवरून यायचा. पीएफ आणि ईएसआय दहा-बारा जणांचंच, यांचं नाव त्यात नाही. 2025 चा जून आणि जुलैचा पगार थकला. 22 ऑगस्टला तो मागितला तेव्हा ‘उद्यापासून येऊ नकोस’ असं सांगण्यात आलं. नोटीस पाठवली, तर समोरच्या वकिलांचं उत्तर आलं : ‘सदर इसम आमच्या अशिलांकडे कामगार म्हणून कधीही नव्हता. तो वेळोवेळी जॉबवर्क करून देत असे व त्याचा मोबदला त्यास अदा केलेला आहे.’ जुने सहकारी फोन उचलत नाहीत. एक मित्र म्हणतो, मागच्या तारखेचं ओळखपत्र बनवून घेऊ. वडील म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. सध्या पार्सल पोहोचवण्याचं काम करून घर चालवतात. विचारतात : ‘माझ्याकडे एकही कागद नाही. सहा वर्षं मी तिथं होतो हे कसं सिद्ध करू? की सोडून देऊ?’

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैशांचा हिशेब तुम्ही एका ओळीत उरकलात, पण ‘सदर इसम’ हे दोन शब्द तीन ठिकाणी लिहिलेत. सहा वर्षं ज्या मशीनसमोर उभं राहिलो तिथले लोक आपल्याला ओळखतच नाहीत म्हणतात, हे किती लागतं ते मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे. तुम्हाला काय हवं आहे हे ठरवताना या दुखण्याचाही विचार करावा लागेल. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी तुमच्या एका वाक्याबद्दल. ‘माझ्याकडे एकही कागद नाही’ असं तुम्ही लिहिता. ते खरं नाही, आणि पहिला कागद समोरच्यांनीच तुम्हाला पाठवला आहे. त्या वकिलांचं उत्तर पुन्हा वाचा. ‘या माणसाला आम्ही ओळखत नाही’ असं त्यात कुठंही नाही. तुम्ही तिथं येत होता, काम करत होता आणि त्याचे पैसे तुम्हाला मिळत होते, हे सगळं त्यांनी लेखी मान्य केलं आहे. म्हणजे तुम्ही तिथं होता की नव्हता हा वाद आता संपला. वाद उरला तो एवढाच, की तुम्ही कामगार म्हणून होता की स्वतंत्र धंदा करणारे जॉबवर्कवाले म्हणून. हे दोन प्रश्न फार वेगळे आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर देणं पहिल्यापेक्षा सोपं आहे. ते उत्तर, त्याचा लिफाफा आणि नोटिशीची पोचपावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

आता दुसरा समज. नेमणूकपत्र नाही म्हणजे नोकरी नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मालकही तेच धरून चालले आहेत. कायदा मात्र असं मानत नाही. आपल्याकडचा या विषयावरचा एक जुना मोठा निवाडा 1956 सालचा, ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा. कच्छच्या रणाच्या काठावर मीठ पिकवणारे अगरिया बायकामुलांना हाताशी घेऊन काम करायचे, वेळप्रसंगी स्वतःची माणसंही लावायचे आणि पैसे मिठाच्या वजनावर मिळायचे. कंपनी म्हणाली, हे तर कंत्राटदार. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कामगार ठरवलं, कारण काम कसं करायचं यावर कंपनीचा ताबा होता. पुढे 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांचा प्रश्न आला. त्यांच्यातले काही जण कापड घरी नेऊन शिवत, काही इतर दुकानांचंही काम करत. तरीही ते कामगार ठरले. शिलाई मशीन दुकानाची होती, आणि काम पसंत पडलं नाही तर उसवून पुन्हा करायला लावण्याचा हक्क दुकानाचा होता. 1978 च्या हुसेनभाई प्रकरणात, केरळमधल्या दोरखंडाच्या कारखान्यात मधे कंत्राटदार उभे केले होते. तो पडदा बाजूला सारून न्यायालयानं एकच पाहिलं : या माणसांचं पोट कुणाच्या हातात आहे?

हे सगळं समोर ठेवून स्वतःला काही प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून काढा. मशीन कुणाची होती? वीजबिल कोण भरायचं? इन्सर्ट, टूल, कूलंट कुणाचं? कुठला जॉब आज लावायचा हे कोण सांगायचं? पहिली शिफ्ट की दुसरी, हे तुम्ही ठरवायचा का? एखाद्या दिवशी तुम्ही आला नाहीत आणि भावाला पाठवलंत, तर त्याला मशीनवर उभं केलं असतं का? माल रिजेक्ट झाला तर नुकसान तुमचं की शॉपचं? तिथं बसून दुसऱ्या पार्टीचं काम तुम्ही करू शकत होता का? जॉबवर्कवाल्याची उत्तरं एक येतात, कामगाराची दुसरी. एकाच कसोटीवर निकाल लागत नाही, सगळ्याचा मिळून विचार होतो. निलगिरी सहकारी संस्थेच्या 2004 च्या निवाड्यात न्यायालयानं हेच सांगितलं. त्याच निवाड्यात दुसरीही एक गोष्ट आहे, ती कडू असली तरी ऐका. ‘मी कामगार होतो’ असं जो म्हणतो, ते दाखवण्याची पहिली जबाबदारी त्याचीच.

म्हणून आता पुराव्याकडे येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

तुमच्या पत्रात जाता जाता एक वाक्य आलं आहे : सुपरवायझर महिनाअखेरीला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुझे 3 खाडे, ओव्हरटाइम 14 तास’ असं कळवायचे. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत, कारण एकदा त्यांनी खाडा चुकीचा धरला होता. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात मोलाचा पुरावा आहे. जॉबवर्कवाल्याला खाडा नसतो. जो बिल करून पैसे घेतो त्याचे किती नग झाले हे मोजतात, तो किती दिवस आला नाही हे कुणी मोजत नाही. खाडा धरला याचा अर्थ रोज यायचं बंधन होतं, आणि ओव्हरटाइम मोजला याचा अर्थ कामाचे तास ठरलेले होते. असाच दुसरा शब्द ‘उचल’. गणपतीला उचल घेतली आणि पुढच्या तीन पगारांत कापून गेली, असं तुम्ही लिहिता. ती देण्याचा आणि कापण्याचा मेसेज सापडला तर तोही काढून ठेवा.

ते मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, बदलू नका, फॉरमॅट करू नका. शिफ्टच्या ग्रुपमधून अजून काढलं नसेल तर रागानं बाहेर पडू नका. स्क्रीनशॉट काढा, पण केवळ त्यावर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा कळीचा निवाडा आपल्या जालन्यातूनच गेला आहे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक वादात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं आणि ते आपलं असल्याचं शपथेवर सांगितलं, तर पुरावा खरा असल्याचं वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रत दिली तर लागतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यात हे प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक तुमचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. कामगार न्यायालय साक्षीच्या नियमांना दिवाणी न्यायालयाइतकं घट्ट धरत नाही, तरीही ही कसर ठेवू नका.

पैशांचं आता. बँकेतून जून 2019 पासूनचं खातेउताऱ्याचं छापील, शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. मालकांच्या भावाकडून आलेल्या रकमांवर पेन्सिलीनं खूण करा आणि शेजारी त्या महिन्याचे खाडे लिहा. दर महिन्याच्या सात ते दहा तारखेदरम्यान, खाडे वजा जाऊन सोळा हजारांच्या आसपासची रक्कम येत गेली असेल, तर ती चाल पगाराचीच दिसते. भाऊ मालक नसेल, पण तो शॉपचा हिशेब पाहतो हे सुपरवायझरच्या एखाद्या मेसेजवरूनही दाखवता येईल. शिवाय प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनवर वार्षिक माहितीपत्रक दिसतं. त्यात या शॉपच्या नावानं काही नोंद आहे का ते बघा. पगार म्हणून दाखवलं असेल तर वाद तिथंच बराचसा मिटतो. कंत्राटी रक्कम म्हणून कपात दाखवली असेल, तर समोरचे ती पुढे करणार हे आधीच कळेल. काहीच नसेल तर विचारा, एवढी वर्षं जॉबवर्क करून घेतलं त्याचं एकही बिल कसं नाही? तुम्ही बिलबुक छापलं होतं का? दिलेलं एकही बिल ते दाखवू शकतील का?

बाकीच्या खुणा तुमच्या घरात आणि आजूबाजूला विखुरलेल्या आहेत. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना मालकांसोबत काढलेला दरवर्षीचा फोटो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामावर जाता यावं म्हणून शॉपनं दिलेलं पत्र. ते फोनमध्ये पडून असेल, शोधा. चाकणच्या ज्या कंपनीत तुम्ही माल पोहोचवायला जायचा, तिथल्या गेटवरच्या नोंदवहीत तुमचं नाव आणि शॉपचं नाव एकाच ओळीत लिहिलेलं असणार. तपासणी अहवालावर ऑपरेटरचं नाव असतं, जॉब कार्डवर सही असते. घरमालकानं पोलिस चौकीत दिलेल्या भाडेकरू फॉर्मवर तुमच्या नोकरीचं ठिकाण लिहिलं असेल. थोरल्या मुलाच्या शाळेच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहिलं होतं? दुचाकीचं कर्ज घेताना फायनान्सवाल्यानं शॉपमध्ये फोन करून खात्री केली होती का? यातली एकेक गोष्ट फुटकळ वाटेल. पण वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी, काही सिद्ध करण्याचा हेतू नसताना ती लिहिली गेली, म्हणून तिला वजन आहे.

मित्रानं सुचवलेल्या ओळखपत्राबद्दल इथंच सांगतो. ते करू नका. तो गुन्हा आहे, हे एक. दुसरं म्हणजे, एवढ्या खऱ्या खुणा हाताशी असताना एक खोटा कागद त्यात मिसळलात, तर उलटतपासणीत आधी तोच बाहेर काढतील आणि मग तुमच्या खऱ्या फोटोंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. शॉपमधली ड्रॉइंग किंवा रजिस्टर कुणाकडून चोरून आणवू नका. त्यासाठी सरळ मार्ग आहे.

तो मार्ग तुम्हाला नीट कळावा म्हणून दोन निवाडे सांगतो. 2002 मध्ये हदिमनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की नोटीस-भरपाईचा हक्क सांगायला वर्षात 240 दिवस काम केल्याचं कामगारानं दाखवायला हवं आणि नुसतं स्वतःचं प्रतिज्ञापत्र त्याला पुरेसं नाही. हा निवाडा दाखवून बऱ्याच कामगारांना घाबरवलं जातं. पण 2005 च्या यल्लट्टी निवाड्यात न्यायालयानं वाट मोकळी केली. रोजंदारीवरच्या माणसाला ना पत्र मिळतं ना पावती, हे न्यायालयानं मान्य केलं. त्यानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगावं, आणि मालकाकडून हजेरीपत्रक, पगारपत्रक मागवावं. असा अर्ज करूनही दफ्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ मालकाच्या विरुद्ध लावता येतो. मात्र तो आपोआप लागत नाही. म्हणून लेखी अर्ज करून दफ्तर मागवणं ही पायरी गाळू नका. मी पाहिलेली अनेक प्रकरणं पुरावा नव्हता म्हणून हरली नाहीत. मालकाचं दफ्तर कुणी वेळेत मागितलंच नाही, म्हणून हरली. व्हाउचरं, हजेरी वही, शिफ्टचा तक्ता, जॉब कार्ड, 2019 पासूनचं सगळं नावानिशी मागा.

240 दिवस मोजायचे ते काढून टाकल्याच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांतले, म्हणजे तुमच्या बाबतीत 22 ऑगस्ट 2025 पासून मागे. त्यात पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवारही धरतात, हे 1985 च्या अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात ठरलं आहे. महिनावार तक्ता करा. 240 दिवस भरले आणि तुम्ही कामगार आहात हे ठरलं, की एका महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी भरपाई दिल्याशिवाय तुम्हाला काढणं बेकायदा ठरतं.

आता दार कुठलं ठोठवायचं, कारण चुकीच्या दारापुढे दोन-तीन वर्षं सहज जातात. तुम्हाला कुणीतरी अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायला सांगितलं होतं, आणि 90 दिवसांची मुदत हुकली म्हणून तुम्ही हळहळता आहात. हळहळू नका. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या 2001 च्या दोन्ही निवाड्यांत न्यायालयानं सांगितलं आहे, की मालक-कामगार नातंच वादात असेल तर महाराष्ट्राच्या त्या कायद्याखाली ते ठरवता येत नाही. तुम्ही मुदतीत गेला असता तरी समोरच्यांनी पहिला आक्षेप हाच घेतला असता. थकलेल्या रकमेची थेट आकारणी मागणारा अर्जही आत्ता करू नका. हक्कच अमान्य असताना तो टिकत नाही, हे दिल्ली महापालिका विरुद्ध गणेश रझाक या 1994 च्या निवाड्यानं स्पष्ट केलं आहे. तुमचं दार म्हणजे कामावरून काढल्याचा औद्योगिक विवाद. तो एकट्या कामगाराला मांडता येतो, संघटना लागत नाही. आधी मालकाला लेखी मागणीपत्र द्या : मला कामावर घ्या, मागील पगार द्या, सेवा अखंड धरा. मग पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज करा. समेट झाला नाही तर 45 दिवसांनंतर थेट न्यायालयात जाता येतं. नातं होतं की नव्हतं हे तिथं ठरू शकतं.

मुदतीबद्दल सावध राहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. तुम्हाला त्याआधी काढलं. जुन्या कायद्यात काढल्यापासून 3 वर्षांची मुदत होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती 2 वर्षं आहे. तुम्ही दोनच धरा, आणि खरं तर पुढचे दोन महिनेच धरा. थकलेल्या पगारासाठीही असंच. जुन्या वेतन प्रदान कायद्यात एक वर्ष होतं, नव्या वेतन संहितेत तीन आहेत. तुमचा जूनचा पगार 7 जुलै 2025 ला द्यायला हवा होता, म्हणून 7 जुलै 2026 च्या आत तो वेगळा अर्ज दाखल झालाच पाहिजे असं समजून चाला. पगार दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर, असं नव्या वेतन संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. पण त्याआधी तुम्ही कामगार होता हे तुम्हाला दाखवावं लागेलच.

जे वाचक आज नोकरीत आहेत आणि ज्यांच्या हातात अजून काही नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट मधेच सांगतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, आणि जुन्या लोकांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं, असं व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. ते मेसेजवर का होईना, पण लेखी मागा. नाही मिळालं तरी मागितल्याची तारीख राहते.

पुन्हा तुमच्याकडे येतो. पीएफ आणि ईएसआय कार्यालयात स्वतंत्र तक्रार करा. पीएफचा कायदा 20 माणसांना लागू होतो, ईएसआयचा 10 ना. पंचवीस माणसं कामाला आणि नोंद दहा-बारा जणांची, हे त्यांनी तपासण्यासारखंच आहे. तपासणीत तुमचं नाव कुठल्या वहीत सापडलं, तर तो दुसऱ्या सरकारी यंत्रणेनं काढलेला पुरावा होतो. ग्रॅच्युइटीचाही हक्क आहे, कारण सेवा पाच वर्षांहून जास्त झाली. 16,000 ला 26 नं भागून 15 नं गुणा आणि मग 6 वर्षांनी. सुमारे 55,385 रुपये होतात. थकलेला पगार, ऑगस्टचे 22 दिवस धरून, 43,000 च्या घरात. हे आकडे कागदावर मांडून ठेवा, समेटाच्या टेबलावर लागतील.

सहकाऱ्यांवर तुम्ही फार रागावला आहात. मला त्यांची बाजूही दिसते. त्यांच्या घरीही खोलीभाडं आहे, आणि तुमच्याशी बोलताना कुणी पाहिलं तर 23 ऑगस्टची पाळी त्यांच्यावर येईल. त्यांना रोज फोन करून अडचणीत आणू नका, ग्रुपवर टोमणे मारू नका. जो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून दुसरीकडे लागला, त्याला विचारा. त्याला भीती नाही. गेटसमोरच्या टपरीवर तुमचं चहाचं खातं होतं, खानावळीत महिन्याचा डबा होता, टेम्पोवाला माल न्यायला यायचा. यांतला एक आणि तो जुना सहकारी, एवढे दोन साक्षीदार मिळाले तरी पुष्कळ आहेत.

वडिलांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. त्यांच्या पिढीनं जमिनीचे दावे पाहिले आहेत, त्यातून ते बोलतात. इथंही वेळ लागतो, तारखा पडतात, रोजी बुडते. पण खर्चाची भीती थोडी कमी करता येईल. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती आहे हे त्यात पाहत नाहीत. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं जा.

आता सुरुवातीला राखून ठेवलेला प्रश्न. तुम्हाला नक्की काय हवं आहे? ‘न्याय’ या एका शब्दात तुम्ही तीन गोष्टी बांधल्या आहेत : नोकरी परत, पैसे, आणि ‘हा आमचा माणूस होता’ हे त्यांच्या तोंडून. तिन्ही मिळतील असं मी म्हणणार नाही. काढणं बेकायदा ठरलं तरी न्यायालय दरवेळी परत कामावर घ्या असं म्हणत नाही. बीएसएनएल विरुद्ध भुरूमल या डिसेंबर 2013 च्या निवाड्यानंतर रोजंदारीवरच्या माणसांना बऱ्याचदा एकरकमी भरपाईच मिळते. दुसरीकडे, त्याच वर्षी दीपाली सुरवसे या महाराष्ट्रातल्या शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, की चुकीच्या पद्धतीनं काढलेल्या माणसाला मागील पगारासह परत घेणं हाच नेहमीचा नियम असायला हवा. तुमचं प्रकरण या दोन टोकांच्या मधे कुठंतरी बसेल. दीपाली सुरवसे निवाड्यानुसार मधल्या काळात तुम्हाला दुसरी नोकरी नव्हती हे तुम्ही सांगायचं असतं. तिथं पार्सलचं काम लपवू नका. पोटासाठी चार पैसे कमावले म्हणून हक्क जात नाही, मागील पगाराचा आकडा फार तर कमी होईल. शपथेवर खोटं बोललात तर मात्र ‘खाडे’च्या त्या मेसेजलाही कुणी विचारणार नाही.

पत्नीशी बसून बोला. त्या शॉपमध्ये, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली परत जाववेल का? की तीन गोष्टींतली एक सोडायची तर नोकरी सोडाल? तुम्ही चांगले ऑपरेटर आहात, भोसरी-चाकणमध्ये दुसरं मशीन मिळेल. तसं असेल तर समेट अधिकाऱ्यापुढे तडजोडीला तयार राहा, पण दोन अटी धरून बसा. पैसे बँकेतूनच यावेत. आणि करारात ‘माजी कामगार’ हा शब्द आणि जून 2019 ते ऑगस्ट 2025 ही मुदत लिहिलेली असावी. ‘कधीही कामगार नव्हता, माणुसकीच्या नात्यानं रक्कम दिली’ असा मजकूर पुढे करतील. रक्कम थोडी वाढवून देतील, तरी त्यावर सही करू नका. पुढच्या नोकरीत अनुभवाचा दाखला म्हणूनही तुम्हाला ती तारीख लागणार आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर आता तर मुळीच सही नको.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही, पण एक काम उद्याच करा. नोव्हेंबर 2023 मध्ये मशीनच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) बोट सापडून तुम्ही दोन दिवस रुग्णालयात होता, असं तुम्ही पत्राच्या शेवटी, जणू विषय सोडून, लिहिलं आहे. सुपरवायझर तुम्हाला घेऊन गेले आणि बिल शॉपनं भरलं. दाखल करून घेताना डॉक्टर जखम कशी झाली हे लिहून घेतात, आणि सोबत कोण आलं त्याचं नाव, फोन नंबर आणि नातं लिहितात. त्या केसपेपरवर ‘कंपनीत मशीनवर काम करताना’ असं लिहिलं असेल आणि खाली सुपरवायझरची सही असेल. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद रुग्णालयानं तीन वर्षं ठेवायचे असतात. तुमची तीन वर्षं येत्या नोव्हेंबरात भरतात, आणि त्यानंतर ते रद्दीत गेले तर कुणाला बोल लावता येणार नाही. साध्या कागदावर प्रतीसाठी अर्ज लिहा, आधारची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत प्रत द्यावी असा नियम आहे. बिल कुणाच्या नावानं फाडलं होतं, तेही त्याच खिडकीवर विचारा.